पाय द्यायच्या आधी

जऊळका स्टेशनाजवळच्या रेल्वेच्या चाळीत भागिरथाबाई रुसून बसली, आणि घरात कोणालाच कळेना की बुढी नेमकी कशावर रुसली आहे.

रुसवाही मोठा शिस्तीचा होता. जेवण वेळेवर चालू, चहा दोन्ही वेळा चालू, शेजारणींशी गप्पाही चालू. अबोला फक्त घरातल्या तिघांशी: मुलगा इंद्रभान, सून लिलाबाई आणि नात गोपा. त्यातही मुलाशी आणि सुनेशी धरलेला अबोला एक वेळ समजला असता. पण जिला तिने मांडीवर घेऊन वाढवलं, जिच्या वेण्या दुसऱ्या कोणाला घालू दिल्या नाहीत, त्या गोपाकडे ती बघतसुद्धा नव्हती. गोपा समोर आली की म्हातारी भिंतीकडे तोंड करायची.

इंद्रभान रेल्वेत चावीवाला होता. सकाळी खांद्यावर हातोडा टाकून रुळाच्या कडेने चालत सुटायचं आणि रूळ जागेवर धरून ठेवणारी लोखंडी चावी कुठे सैल झाली असेल तर ठोकून घट्ट करायची, हे त्याचं काम. गोपा लहान असताना त्याचा डबा घेऊन जायची, आणि जायची ती रुळाच्या बाजूने नव्हे, रुळावरून. एकदा रुळावर पाय ठेवला की बाप दिसेपर्यंत खाली उतरायचं नाही, असा तिचा स्वतःशीच लावलेला नेम होता. वाशीमच्या शाळेत कवायत शिकवणारे मोहनसिंग सर एके दिवशी पॅसेंजरमधून जऊळक्याला उतरले, तर समोर ही पोरगी. डबा खाली खडीवर ठेवलेला, आणि ही रुळावर हातांवर उभी, पाय आभाळाकडे. सर आपण कशासाठी उतरलो तेच विसरले. ते थेट चाळीत आले, आणि पुढच्या वर्षी गोपा अमरावतीच्या व्यायामशाळेत वसतिगृहात राहायला गेली.

तेव्हा लिलाबाई रडून रडून बेजार झाली होती. भागिरथाबाईने मात्र नातीचं गाठोडं स्वतःच्या हाताने बांधलं होतं. "बाबासाहेबानं शिका म्हणलं," ती म्हणाली होती, "त्यात कोलांट्या शिकू नका असं कोठी म्हणलं?"

अशी ही बाई. मग आता एवढं झालं तरी काय?

झालं होतं ते असं. दिवाळीच्या सुट्टीत गोपा घरी आली आणि पाठोपाठ दुसऱ्या दिवशी मोहनसिंग सर मोठी बातमी घेऊन आले. अंगणात बाजेवर बसून, बशीत चहा ओतून त्यांनी ती सांगितली. हैदराबादला लहान मुलामुलींची जिम्नॅस्टिक्सची आंतरराष्ट्रीय स्पर्धा होती. रशियाच्या, बल्गेरियाच्या, जपानच्या पोरी येणार होत्या आणि आपल्या देशाच्या संघात गोपाचं नाव लागलं होतं.

"आजी, मुलींचे चार खेळ राह्यतात," सर भागिरथाबाईकडे वळून म्हणाले. "पण आपली गोपा पक्की ते बीमवर. बीमवर चालते, बीमवर नाचते, बीमवर कोलांटी मारते. बीमवर तिच्यासारखा पाय टाकणारी पोरगी मी नाई पाह्यली!"

इथे एक गोष्ट सांगायला पाहिजे. आमच्या वऱ्हाडात 'भ' आणि 'ब' एकाच घरात नांदतात. भाऊ कधी 'बाऊ' होतो, भाकर कधी 'बाकर' होते, कोणाचं काही अडत नाही. भागिरथाबाईच्या घरातला रोजचा नमस्कारही 'जय बीम' असाच होता. छप्पन साली ती इंद्रभानला कडेवर घेऊन नागपूरला गेली होती, लाखो माणसांत उभी राहिली होती, आणि परत आली ती दुसरीच बाई होऊन. तेव्हापासून ते नाव तिच्या तोंडात दिवसातून शंभरदा यायचं आणि दर वेळी तिची मान थोडी वर व्हायची. जयंतीचा छापील कागद एकदा चुकून तिच्या पायाखाली आला, तर दिवसभर तिच्या घशाखाली घास उतरला नव्हता.

आणि आता सर चहाचे घोट घेत, हसत हसत सांगत होते की तिची नात बीमवर पाय टाकते, बीमवर नाचते.

भागिरथाबाईने जे ऐकलं ते ऐकलं. हातातला कप खाली ठेवला, उठली आणि आत गेली. असं काही विचारायचं तर आधी ते वाक्य तोंडातून काढावं लागलं असतं, आणि तेच तिला जमत नव्हतं.

मग घरात तर्क सुरू झाले. लिलाबाईला वाटलं, भानगड कपड्यांची आहे. गोपाचा तो खेळायचा तंग झगा, बाह्यांचा पत्ता नाही, पाय उघडे. सुनेने सुईदोरा काढला आणि सासूच्या देखत त्याला पाटलोणीसारखे पाय जोडायची तयारी दाखवली. सासूने ढुंकून पाहिलं नाही. इंद्रभानला वाटलं, आपण आधी विचारलं नाही म्हणून मायचा मान दुखावला. तो काही कामाने रिसोडला गेला होता, तिथून पावशेर जिलबी घेऊन आला. भागिरथाबाईने जिलबी खाल्ली, बोटं चाटली, आणि अबोला होता तसाच ठेवला.

शेवटी गोपाच तिच्यासमोर जाऊन बसली. म्हातारी सुपात तूर निवडत होती. भिंतीकडे वळायला जागा नव्हती, कारण गोपा नेमकी भिंतीला टेकून बसली होती.

"आजी, तू नाई म्हणशीन तं मी नाई जात हैदराबादले," ती म्हणाली. "पण काहून नाई, ते तं सांग."

भागिरथाबाईच्या हातातलं सूप थांबलं. तिचे डोळे भरून आले.

"कोण्या तोंडानं सांगू वं? ज्यानं आपल्याले माणसात आणलं, त्याच्यावर पाय देते तू? त्याच्यावर नाचते? अन् थो मास्तर हासून सांगते!"

गोपाला आधी काही उमजेना. मग उमजलं, आणि तिला असं जोराचं हसू आलं की तिने ओढणी तोंडात कोंबली. पण आजीचे डोळे पाहिले आणि ते हसू जिथल्या तिथे विरलं.

"आजी, थे लाकूड हाये. लांब तुळई राह्यते, दोन पायांवर उभी केलेली. इंग्रजीत तुळईले बीम म्हणतात."

"लाकूड?"

"सागाच्या लाकडावानी लाकूड. इतकंसं रुंद." गोपाने आपला पंजा आडवा धरून दाखवला.

भागिरथाबाईचा जीव अर्धा खाली आला, पण अर्धाच. तिने तुरीतला एक खडा उचलून फेकला. "मंग त्या इंग्रजाले दुसरं नाव नाई सापडलं? तुळई म्हणाव, फळी म्हणाव."

"आता ठेवलं त्यायनं."

"नाव तं तेच हाये ना पण?"

"नाव तेच हाये," गोपाने कबूल केलं. दाराबाहेर इंद्रभान उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं आणि हसू दाबत तो हातोडा घेऊन तिथून सटकला.

भागिरथाबाईने बराच विचार केला. पहिलवान मातीत उतरायच्या आधी माती कपाळाला लावतो. पेरणीच्या दिवशी इंद्रभानचा बाप तिफणीच्या पाया पडायचा. पाय तर द्यावा लागतोच, त्याशिवाय माणूस पुढे जात नाही. पण विचारून द्यावा.

"जा मंग," ती म्हणाली. "पण एक आयक. पाय द्यायच्या आधी पाया पडजो. दर खेपेले. इसरली तं मले तोंड दाखवू नको."

"देला शब्द," गोपा म्हणाली, आणि आजीने पुन्हा तिच्या वेण्या घालायला घेतल्या.

शब्द दिला खरा, पण भागिरथाबाई नुसत्या शब्दावर विसंबणारी नव्हती. इंद्रभानला रेल्वेचा पास मिळत होता, त्यात म्हाताऱ्या आईचंही नाव होतं. "मी बी येते," तिने जाहीर केलं. "मले पाह्याचं हाये." सर गोपाला घेऊन संघाबरोबर आधीच गेले. मग थंडीच्या दिवसांत, ज्वारी हुरड्यावर आलेली असताना, मायलेक जऊळक्याला गाडीत बसले. पूर्ण्याला गाडी बदलली आणि बांधून घेतलेल्या भाकरी संपायच्या आत हैदराबादला पोचले.

स्पर्धेच्या हॉलमध्ये शिरताच भागिरथाबाईने आधी वर पाहिलं. एवढं मोठं छप्पर आणि मध्ये एक खांब नाही! खाली गाद्या, दोऱ्या, लाकडी दांड्या. सोनेरी केसांच्या पोरी इकडून तिकडे पळत होत्या, आणि त्यांच्यात काळीसावळी, दोन वेण्या वर बांधलेली गोपा. आणि मधोमध ते होतं. लांब, अरुंद, दोन पायांवर उभं. भागिरथाबाईने गॅलरीतूनच हात जोडले.

पहिल्या दिवशी सगळ्या संघांचे खेळ झाले. गोपाची पाळी आली. पंच बाईने झेंडी दाखवली, गोपाने हात वर केला, पुढे गेली, बीमला दोन्ही हात लावून वाकली आणि कपाळ टेकवलं. मग दोन पावलं मागे येऊन, धावत जाऊन वर चढली.

"पाह्यलं काय?" भागिरथाबाईने इंद्रभानला कोपराने ढोसलं. "पाया पडली!" त्यानंतर गोपाने काय काय केलं ते तिने अर्धवटच पाहिलं, कारण डोळ्यांत पाणी होतं. आनंदाच्या भरात तिने बाजूच्या अनोळखी बाईला आपल्या पिशवीतलं केळ दिलं आणि एक स्वतः खाल्लं. त्या रात्री धर्मशाळेत बुढी लेकरासारखी गाढ झोपली.

दुसऱ्या दिवशी प्रत्येक खेळातल्या पहिल्या आठ जणींची अखेरची फेरी होती. बीमच्या आठ जणींत गोपा होती, पण सगळ्यात शेवटची. खेळ सुरू व्हायच्या थोडं आधी मोहनसिंग सर गॅलरीत चढून आले. तोंड उतरलेलं.

"आजी, तुमच्याशी बोलायचं हाये. काल गोपाचा अर्धा गुण कापला."

"पडली नाई, मंग काहून कापला?"

"पाया पडली म्हणून." सर तिच्याशेजारी बसले. "इथला नियम राह्यते. झेंडी दाखवल्यावर बीमले हात लावला की चढाच लागते. हात लावून मागं सरकली, तं पंच समजतात की पोरीले चढता नाई आलं. त्यायले काय ठाऊक आपलं पाया पडणं?"

"अर्धा गुण म्हंजे लय राह्यते काय?"

"अर्ध्या गुणात पोरगी दुसरीची आठवी होते, आजी. काल तसंच झालं."

भागिरथाबाई मनात हिशेब करू लागली. काल आपण केळ खात होतो, आणि खाली लेकराचा गुण कापला जात होता. रात्री आपण घोरत झोपलो. आणि पोरगी एका शब्दाने बोलली नाही.

"मंग तिले सांगा, आज नको पडू म्हणा."

"सांगतलं. म्हणते, आजीले शब्द देला. म्हणलं, झेंडीच्या आधी पड, तं आधी कोणाले जवळ जाऊ देत नाईत. म्हणलं, मागच्या खोलीत सरावाचा बीम हाये, त्याच्या पाया पड. तं म्हणते, थो दुसरा हाये, आजी म्हणन ह्याच्या नाई पडली." सरांनी कपाळावरचा घाम पुसला. "म्हणलं, आजी मोकळं करन तुले. तं म्हणते, आजीनं सोता सांगाव. तुमी गुणासाठी कायबी सांगसान."

"मंग मले न्या तिच्याजवळ."

"आता कोठी? पोरी आत गेल्या."

सर खाली पळाले. खरंच आठही जणी रांगेने हॉलमध्ये येत होत्या. भागिरथाबाई बसून राहिली. तिला स्वतःचा राग आला, असा की हातातली पिशवी तिने पिळून काढली. मग तिला नागपूरचं ते मैदान आठवलं, ती लाखो माणसं, आणि कडेवरचा इंद्रभान. तेव्हा आपण काय ऐकून परत आलो होतो? लेकराला पुढे न्या, हेच ना? पाया पडत मागे राहा, असं तर कोणी म्हटलं नव्हतं. आणि आज त्याच नावापायी पोरगी मागे राहत होती. आणि मागे ठेवणारी कोण, तर आपण.

"माय, रडून राह्यली काय?" इंद्रभानने विचारलं.

"सरक," ती म्हणाली. त्याला बाजूला करून ती गॅलरीच्या अगदी पुढच्या कठड्यापाशी जाऊन उभी राहिली.

सात जणींचे खेळ होईपर्यंत ती तिथेच उभी होती. मागच्या माणसांनी दोनदा बसायला सांगितलं, तिसऱ्यांदा तेलुगूत काहीतरी सुनावलं. ती बसली नाही. मग गोपा पुढे आली. हाताला पांढरी खडूची पूड चोळली, तळपायालाही लावली. वर बघत नव्हती. तिचं सगळं लक्ष बीमवर होतं, आणि ती काय करणार हे भागिरथाबाईला लख्ख दिसत होतं. शब्द पाळायची ही खोड पोरीने कोणाकडून घेतली, हेही तिला माहीत होतं.

पंच बाईने अजून झेंडी उचलली नव्हती. हॉल चिडीचूप झाला होता. तेवढ्यात वऱ्हाडातल्या शेतांच्या बांधांवर, एका धुऱ्यावरून दुसऱ्या धुऱ्यावर हाक मारतात, तसा आवाज गॅलरीतून निघाला:

"गोपे! जय बीऽऽम!"

अख्खा हॉल वळला. गोपाने मान वर केली. आणि गंमत अशी की वरच्या स्वस्त जागांतून, कुठून तरी तीन-चार आवाज उत्तरादाखल आले, "जय भीम!" तिथेही आपली माणसं होती.

भागिरथाबाईने हात जोडले. खाली वाकून गॅलरीच्या कठड्याला कपाळ टेकवलं. नीट टेकवलं, घाई केली नाही. मग उठून हात वर उडवला.

"तुह्या वाटचं मी पडली वं! तू चढ!"

गोऱ्या पंच बाया एकमेकींकडे बघत राहिल्या. इंद्रभानने डोळे मिटून घेतले. पण गोपा हसली. ओढणी नव्हती, म्हणून यावेळी तिला हसू लपवता आलं नाही. झेंडी उचलली गेली, तिने हात वर केला, आणि कुठेही न थांबता धावत जाऊन ती बीमवर चढली.

आज भागिरथाबाईने सगळं पाहिलं, डोळ्याला पदर न लावता. पोरगी त्या अरुंद लाकडावर चालली ती जऊळक्याच्या रुळावर चालायची तशीच, मान सरळ, घाई नाही. एका पायावर फिरली. मागे वाकून कोलांटी मारली, आणि पुन्हा लाकडावर टेकताना एक पाय जरासा घसरला. गोपाने दोन्ही हात पसरले, डोलली, सावरली. मग टोकाकडून धावत येत तिने हवेत गिरकी घेतली आणि खाली गादीवर दोन पायांवर येऊन अशी उभी राहिली, की हलायचं नाव नाही.

गोपा चौथी आली. पहिली बल्गेरियाची, दुसरी आणि तिसरी रशियाच्या. चौथीला बिल्ला नसतो, हे इंद्रभानला नंतर कळलं, पण तोवर तो सरांना मिठी मारून मोकळा झाला होता. "रशियाच्या मागं लगेच जऊळका!" तो भेटेल त्याला सांगत सुटला. त्या भूगोलाला कोणी हरकत घेतली नाही.

हॉल रिकामा व्हायला लागला तेव्हा भागिरथाबाई सरांना म्हणाली, "मले थे जवळून पाह्यचं हाये." सरांनी तिथल्या माणसाला काहीबाही सांगितलं आणि तिला खाली नेलं. गोपा आजीचा हात धरून चालत होती.

लांबून दिसलं होतं त्यापेक्षा बीम उंच होता. वाकलेल्या भागिरथाबाईच्या हनुवटीला लागत होता. तिने हात फिरवून पाहिला. गुळगुळीत होता, साधं लाकूड होतं. हे लाकूडच आहे, हे तिला आता पुरतं कळलं. तरीही तिने हात जोडले, "जय बीम" म्हणाली आणि कपाळ त्याच्यावर टेकवलं.

वर मान केली तेव्हा कपाळावर पांढरा पट्टा उमटला होता.

"आजी, थांब!" गोपा घाबरून पुढे झाली. "माह्या पायाची पूड हाये ते! माहे पाय लागले होते तेथी. पुसते मी."

भागिरथाबाईने तिचा हात धरला. नातीच्या पायाची धूळ आजीच्या कपाळाला लागणं ही केवढी उलटी गोष्ट, हे तिला समजत नव्हतं असं नाही. तिला चांगलं समजत होतं.

"राहू दे," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ते जऊळक्याला उतरले. फलाटावर स्टेशनातले धरमसिंग कंदील पुसत बसले होते. त्यांनी मायलेकांना पाहिलं, मग बुढीच्या कपाळाकडे पाहिलं. प्रवासात पट्टा बराच फिकट झाला होता, पण होता.

"राम राम मावशी. कपाळाले काय लागलं?"

"पोट्टीचे पाय," भागिरथाबाई म्हणाली, आणि मान थोडी वर करून चाळीकडे चालू लागली.